विहिरीच्या ढिगाऱ्यातल्या पेंढ्या

१९८४ च्या उन्हाळ्यात संगमनेर तालुक्यातील माझ्या मामांच्या शेतात विहिरीचे काम चालू होते आणि नववीची परीक्षा संपवून मी तेथे महिनाभर राहायला गेले होते. वरचा मुरूम संपून काळा कातळ लागला होता. सकाळी सुरुंगासाठी भोके पाडायची, दुपारी सगळ्यांना लांब हाकलून सुरुंग उडवायचे आणि संध्याकाळपर्यंत फुटलेला दगड यारीने वर ओढून काठावर टाकायचा, असा तो क्रम होता. एका संध्याकाळी त्या ढिगाऱ्यातील काळ्या दगडांच्या आत मला फिकट गुलाबी, पिकलेल्या पेरूच्या गराच्या रंगाचे चकचकीत स्फटिक दिसले. मामा म्हणाले, “अगं, त्या गारा आहेत. खिशात घालू नकोस, खिसा फाटेल.” मी खिशात घातल्याच. त्यांतील मुठीएवढा एक तुकडा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला आणि पुढे शाळेत विज्ञान शिकवू लागले तेव्हा ‘ही आपल्याकडची गारगोटी’ असे सांगून तो कित्येक वर्षे वर्गात फिरवला.

ते चुकीचे होते, हे मला आठवीतील एका मुलाने दाखवून दिले. गारगोटीने काच ओरखडते, हे मीच फळ्यावर लिहिले होते. त्याने मधल्या सुट्टीत तो तुकडा प्रयोगशाळेतील काचपट्टीवर घासून पाहिला आणि काचेवर पांढरी रेघ उमटली. पण ती बोटाने पुसताच नाहीशी झाली, म्हणजे झिजला होता तो दगड, काच नव्हे. “बाई, ही गारगोटी नाही,” असे तो भीतभीतच म्हणाला. त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही, आणि रानात सापडलेला दगड ओळखायचा कसा याचा माझा खरा अभ्यास त्या दिवशी सुरू झाला. त्याला आता वीस वर्षे होत आली. या काळात मी केलेल्या चुका आणि त्यांतून हाती आलेल्या काही खुणा येथे लिहीत आहे.

सर्वांत उपयोगाची गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली. दगड हातात घेऊन ‘हे काय आहे’ असे विचारण्याआधी ‘हे कुठे होते’ असे विचारावे लागते. जगात खनिजांचे हजारो प्रकार आहेत, पण एखाद्या ठिकाणच्या खडकात त्यांतील मोजकेच असू शकतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. हे थर आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेले आहेत आणि सह्याद्रीच्या काही भागांत त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरांच्या आसपास भरते. घाटातून जाताना डोंगरउतारावर ज्या प्रचंड पायऱ्या दिसतात ते हेच थर होत. ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातील ‘ट्रॅप’ हा शब्दही पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. लाव्हा थिजत असताना त्यातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येऊ पाहतात आणि पृष्ठभाग आधीच घट्ट झाल्याने आतच अडकतात. पाव फोडल्यावर आत जशी भोके दिसतात तशी भोके मग कातळात राहतात, कोठे मोहरीएवढी, तर कोठे माणूस आत बसेल एवढी. पुढे दीर्घकाळ त्या खडकातून पाणी झिरपत राहते, ते बेसाल्टमधील कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका विरघळवते आणि या पोकळ्यांत स्फटिकांच्या रूपाने पुन्हा मांडून ठेवते. म्हणून विहिरीच्या, रस्त्याच्या किंवा खाणीच्या ताज्या फुटलेल्या बेसाल्टमधून एखादा पांढरा किंवा रंगीत स्फटिक मिळाला, तर तो काय असू शकतो याची यादी फार लांब नसते: गारगोटी आणि तिचे भाईबंद, कॅल्साइट, झिओलाइट गटातील दहाबारा खनिजे, ॲपोफायलाइट आणि आणखी थोडीफार.

या यादीतून गारगोटी वेगळी काढणे सोपे आहे. फ्रीड्रिख मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये कठिनतेची जी १ ते १० अशी श्रेणी लावली, तीत संगजिरे १ वर, कॅल्साइट ३ वर, गारगोटी ७ वर आणि हिरा १० वर आहे. साधी काच आणि चाकूचे पाते साधारण साडेपाचाच्या आसपास येतात. त्यामुळे काचेवर खरा ओरखडा उठवते ती गारगोटी, आणि चाकूने जे खरवडता येते ते दुसरे काहीतरी. ओरखडा खरा की खोटा हे मात्र बोट फिरवूनच ठरवावे. माझी वीस वर्षांची चूक तेवढ्या एका पुसण्याने उघडी पडली असती. काच ओरखडणारा पारदर्शक खडा मिळाला की तो हिरा असल्याची बातमी घरभर पसरते, तिच्यावरही इथेच पाणी पडते, कारण काच ओरखडण्यासाठी हिऱ्याची गरज नसते, नदीपात्रातील कोणतीही गार ते काम करते.

मामांच्या विहिरीतील तुकडा चाकूने खरवडला जात होता, म्हणून तो कॅल्साइट असेल असे मी धरून चालले. तेही खोटे ठरले. कॅल्साइटची कठिनता ३ आणि झिओलाइटांची साडेतीन-चारच्या पुढे, म्हणजे घरच्या साधनांनी हा फरक विश्वासाने दिसत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातील लिंबू उपयोगी पडते. दगडाची अगदी थोडी पूड करून तिच्यावर लिंबाच्या रसाचे थेंब टाकले की कॅल्साइट असल्यास बारीक बुडबुडे उठतात आणि ते भिंगातून स्पष्ट दिसतात. अखंड स्फटिकावर लिंबाचा परिणाम इतका मंद असतो की दिसतच नाही, म्हणून पूड करणे आवश्यक आहे. कॅल्साइट फुटतानाही आपली ओळख देतो, कारण त्याला तीन दिशांनी पाटन, म्हणजे ठरावीक सपाट पृष्ठांवर फुटण्याची सवय असते आणि हातोडीखाली त्याचे तिरप्या बाजूंचे, कललेल्या काड्यापेटीसारखे तुकडे होतात. असा एखादा स्वच्छ तुकडा छापील कागदावर ठेवला तर खालच्या ओळी दोन-दोन दिसतात. वर्गात हे दाखवल्यावर मुले तो दगड परत द्यायला तयार नसत.

माझ्या पुडीवर एकही बुडबुडा आला नाही. तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेत डोळ्यांना चष्मा लावून एक लहानसा कण कोरड्या परीक्षानळीत तापवला. नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमले. बाहेरून कोरडाठाक दिसणाऱ्या दगडातून पाणी निघताना पाहणे हा माझ्यासाठी विलक्षण क्षण होता. गारगोटी किंवा कॅल्साइट असे पाणी सोडत नाही. झिओलाइटाच्या जाळीदार रचनेत पाण्याचे रेणू सैलपणे बसलेले असतात आणि उष्णता दिली की ते बाहेर पडतात. १७५६ मध्ये ॲक्सेल क्रोन्स्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असाच एक स्फटिक फुंकनळीच्या ज्वालेत धरला, तेव्हा तो फसफसून फुगला, आणि त्यावरून त्याने ‘उकळणारा दगड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून झिओलाइट हे नाव तयार केले. अडीच शतकांपूर्वी जे त्याने पाहिले तेच आपण संगमनेरच्या मातीतून आलेल्या दगडात पाहत आहोत, या विचाराने मी त्या दिवशी तासभर उशिरा घरी गेले.

झिओलाइट हे कुळाचे नाव झाले, व्यक्तीचे ठरायचे होते, आणि तेथे आकार कामी आला. माझ्या तुकड्यातील स्फटिक मधोमध आवळलेल्या आणि दोन्ही टोकांना फुललेल्या गव्हाच्या पेंढीसारखे होते. ही स्टिल्बाइटाची खूण आहे आणि आपल्याकडे ते पांढऱ्यापासून शेंदरी-गुलाबी छटांपर्यंत भरपूर मिळते. त्याच्याच शेजारी अनेकदा ह्यूलंडाइट असते. रासायनिकदृष्ट्या दोन्ही इतकी जवळची आहेत की एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती एकच मानली जात, आणि ह्यूलंडाइटाला स्वतंत्र नाव १८२२ मध्ये मिळाले. त्याचे स्फटिक मधे रुंद आणि टोकांना निमुळते, पेटीसारखे असतात आणि त्यांच्या एका सपाट बाजूवर मोत्यासारखी ठळक चमक असते.

तिसरा नेहमीचा सोबती ॲपोफायलाइट, आणि फसवण्यात हा सर्वांचा गुरू आहे. तो झिओलाइटांच्या संगतीत वाढतो, झिओलाइटांच्याच दुकानात विकला जातो, पण झिओलाइट नाही. त्याची रचना पापुद्र्यांची आहे. तापवल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात म्हणून ‘पाने झडणारा’ अशा अर्थाचे ग्रीक नाव त्याला १८०६ मध्ये देण्यात आले. त्याचे चौकोनी, काचेसारखे स्वच्छ स्फटिक पाहून पुष्कळ लोक त्याला गारगोटी समजतात. तो चौकोनी आहे हीच पहिली शंका घ्यावी, कारण गारगोटीचा स्फटिक षटकोनी असतो. मग बाजू पाहाव्यात: उभ्या बाजूंवर बारीक रेषा आणि काचेची चमक, तर माथ्याच्या सपाट बाजूवर मोत्याची चमक. दोन बाजूंची चमक वेगळी असणे ही खूण एकदा डोळ्यांत बसली की दुरूनही तो ओळखता येतो. पुण्याच्या पाषाण भागातील जुन्या खाणी आणि राहुरीजवळचा मोमीन आखाडा येथील हिरवे ॲपोफायलाइट जगभरच्या संग्रहांत पोहोचलेले आहे. तो हिरवा रंग अल्प प्रमाणातील व्हॅनेडियममुळे येतो.

रंगाविषयी येथे थोडे थांबले पाहिजे, कारण लोक सर्वांत आधी रंग पाहतात आणि रंग सर्वांत जास्त दिशाभूल करतो. बेसाल्टमधील पोकळ्यांच्या भिंतींना बहुधा एक हिरवा लेप असतो. तो पाहून तांबे सापडले, पाचू सापडला असे सांगणारे मला भेटले आहेत, पण ते सेलाडोनाइट नावाचे लोहयुक्त खनिज असते आणि नखाने खरवडले तर मातीसारखे निघते. एका प्रदर्शनात मी कापसाच्या बोंडासारखे मऊ गोळे असलेले दगड गडद निळ्या आणि किरमिजी रंगांत विक्रीला ठेवलेले पाहिले. ते मुळातले पांढरे ओकेनाइट, रंगात बुडवलेले. ओकेनाइटाचे तंतू इतके नाजूक असतात की नुसत्या बोटाने ते चेपतात आणि पाण्याने धुतले की चिकटून बसतात, हे मी कांदिवलीच्या खाणीतील एक जुना नमुना नळाखाली धरून शिकले. तो अजून घरात आहे, ओल्या मांजरासारखा दिसतो. रंगावर विश्वास ठेवावा असा आपल्याकडचा अपवाद म्हणजे कॅव्हनसाइट. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून आलेले पांढऱ्या स्टिल्बाइटावर बसलेले त्याचे गर्द निळे गोंडे एकदा पाहिले की दुसऱ्या कशाशी त्यांची गल्लत होत नाही. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरे जोडून केलेले त्याचे नाव मात्र मला अगदीच कारखानी वाटते. एवढ्या देखण्या खनिजाला कोणी बरे नाव द्यायला हवे होते.

तंतुमय खनिजांविषयी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. तुर्कस्तानातील कॅपाडोशिया भागातील काही गावांत घरे बांधायला वापरलेल्या दगडात एरिओनाइट नावाचे तंतुमय झिओलाइट होते आणि त्याची धूळ श्वासातून गेल्याने तेथे फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे दगावली. आपल्या डब्यातील प्रत्येक सुईदार दगड तसा असतो असे नाही, पण केसाएवढे बारीक तंतू असलेला कोणताही दगड मी फोडत नाही, घासत नाही आणि त्याच्यावर फुंकर मारत नाही.

आकार झिजून गेलेला असेल तर, म्हणजे ओढ्यातील गोटा किंवा खाणीतील बिनटोकाचा तुकडा असेल तर, मी विशिष्ट गुरुत्व मोजते, म्हणजे दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे ते पाहते. त्यासाठी स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. आधी दगड कोरडा तोलायचा. मग काट्यावर पाण्याचे पातेले ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि दोऱ्याला बांधलेला दगड पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही अशा रीतीने पाण्यात लोंबकळत धरायचा. आता काट्यावर जो आकडा दिसतो त्याने कोरड्या वजनाला भागले की उत्तर मिळते. मागच्या महिन्यातील एक तुकडा ८४ ग्रॅमचा होता आणि पाण्यात धरल्यावर काटा ३१ दाखवत होता. भागाकार २.७१ आला, जो बरोबर कॅल्साइटाचा आहे. स्टिल्बाइट असते तर उत्तर २.२ च्या आसपास आले असते, आणि ॲपोफायलाइट असते तर २.३ किंवा २.४.

हीच तराजूची पद्धत मी उल्केचा दगड घेऊन येणाऱ्यांसाठीही वापरते. असे लोक वर्षातून दोन-तीनदा तरी येतात. दगड काळा असतो, जड असतो आणि त्याला चुंबक चिकटते, म्हणून तो आकाशातून पडला असला पाहिजे, असा त्यांचा तर्क असतो. यात अडचण अशी की आपल्या साध्या बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात, आणि दोऱ्याला टांगलेले चांगले चुंबक त्याच्याकडेही थोडे कलते. उरलेल्यांपैकी बहुतेक दगड लोखंडाच्या भट्टीतून निघालेली मळी असतात. फोडल्यावर आत बुडबुडे दिसले तर बहुधा ती मळीच असते, कारण उल्कापाषाणात असे बुडबुडे क्वचितच आढळतात. बाथरूमच्या फरशीच्या खरखरीत मागच्या बाजूवर घासून कसही पाहावा: लालसर तपकिरी रेघ उमटली तर हेमॅटाइट, काळी उमटली तर मॅग्नेटाइट, आणि खरा दगडी उल्कापाषाण फारशी रेघच सोडत नाही. त्याच्यावर वितळून झालेले पातळ काळे कवच असते आणि ताज्या तुटीत फिकट करड्या दगडात धातूचे चमकते ठिपके दिसतात. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २२ मे २०१२ रोजी भरदुपारी पडलेले तुकडे तसे होते. माझ्याकडे आलेल्यांत अजून एकही तसा निघालेला नाही. एक गृहस्थ मळीचा तुकडा देवघरात ठेवून होते आणि मी सांगितल्यावरही त्यांनी तो तेथून हलवला नाही. त्यांच्या जागी मीही कदाचित हलवला नसता.

बेसाल्टचा प्रदेश सोडला की ही सगळी यादी बदलते. भंडारा जिल्ह्यातील जुन्या खडकांत निळसर पात्यांचे कायनाइट मिळते. ते चाकूने लांबीच्या दिशेने ओरखडते आणि आडव्या दिशेने ओरखडत नाही. एकाच दगडाची कठिनता दिशेनुसार बदलते हे पुस्तकात वाचून पटत नाही, करून पाहिल्यावर पटते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट असते. सिंधुदुर्गात ओढ्याच्या तळाशी जे सोने चमकते ते जवळजवळ नेहमीच झिजलेले अभ्रक असते. ते सुईने टोचले की पापुद्रे सुटतात. सोने मात्र दबते.

मोबाइलमध्ये छायाचित्र काढून दगडाचे नाव सांगणारी ॲप आता सर्वांकडे आहेत आणि माझे विद्यार्थीही ती वापरतात. माझ्या मते त्यांचा उपयोग नवीन नावे कळण्यापुरता आहे, निर्णयासाठी नाही. छायाचित्रात कठिनता, वजन, पाटन आणि वास येत नाही, आणि दगड कुठल्या विहिरीतून आला हे तर त्या यंत्राला कोणी सांगितलेलेच नसते. माझा स्टिल्बाइटाचा तुकडा अशा एका ॲपने आधी गुलाबी गारगोटी ठरवला आणि उजेड बदलल्यावर सैंधव मीठ. डोळा तयार करायचा असेल तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एक दिवस घालवावा. आपल्याच मातीतील खनिजे त्यांच्या नावांसह एकाशेजारी एक पाहिल्यावर जे लक्षात राहते ते शंभर छायाचित्रांनी राहत नाही.

दगड कुठून उचलायचा यालाही मर्यादा आहेत. लोणार सरोवराचा परिसर अभयारण्य आहे आणि उल्केच्या आघाताने वितळून झालेली तेथील काच जगात इतरत्र सहज सापडणारी नाही. तेथून खडा उचलणे हे चोरीसारखेच आहे, मग कोणी पाहत असो वा नसो. चालू खाणीच्या उभ्या कड्याखाली मी जात नाही. परवानगी घेऊन बाहेर टाकलेला ढिगारा धुंडाळते. विहिरीचे काम चालू असलेला शेतकरी मात्र सहसा नाही म्हणत नाही, उलट चहा पाजतो आणि आणखी चार दगड आणून देतो.

प्रत्येक नमुन्यासोबत मी आता ठिकाण, खोली आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवते. मामांच्या विहिरीच्या तुकड्याला अशी चिठ्ठी नव्हती, म्हणून गेल्या दिवाळीत मी मामेभावाला फोन करून विचारले. तो तेव्हा यारीवर उभा असायचा. “चौथा परस संपल्यावर गारा लागल्या होत्या, पाचव्यात पाणी लागलं,” असे त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितले (परस म्हणजे साधारण एका माणसाच्या उंचीएवढी खोली), आणि मी तसेच लिहून ठेवले. त्याच डब्यात तेथूनच आलेला आणखी एक लहान तुकडा आहे, पांढऱ्या सुयांचा पंख्यासारखा झुबका. स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि नॅट्रोलाइट ही तिन्ही खनिजे अशा सुयांत वाढतात आणि हाताने, काट्याने किंवा लिंबाने ती खात्रीने वेगळी करता येत नाहीत, त्यासाठी क्ष-किरणांची तपासणी लागते. त्याच्या चिठ्ठीवर मी ‘बहुधा स्कोलेसाइट, चौथा परस’ असे पेन्सिलीने लिहिले आहे.